अंगठा सैल सोडा, काकू

माझा सूर हलत नाही, अशी माझ्या सेलोच्या मॅडमची तक्रार होती. आता मला सांगा, ही काय तक्रार झाली?

पन्नाशी ओलांडल्यावर मी सेलो शिकायला घेतला. व्हायोलिनच्याच कुटुंबातलं वाद्य, पण अंगाने दांडगं. खुर्चीत बसून गुडघ्यांच्या मध्ये धरायचं, डाव्या हाताची बोटं तारांवर आणि उजव्या हातात बो, म्हणजे गज. मॅडम म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. ती मला काकू म्हणते, मी तिला मॅडम. "मॅडम नका ना म्हणू," असं ती कितीदा म्हणालीय, पण शिकवणाऱ्याला नावाने हाक मारायची सवय मला नाही. तिचा क्लास ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे. खाली पत्र्यातून वॉशर कापणारी प्रेस चालते, दिवसभर धाड धाड. इथे का घेतलीत जागा, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "सोसायटीत शिकवलं की वरचे-खालचे भांडायला येतात हो. इथे कुणी कितीही बेसूर वाजवलं तरी कुणाला पत्ता लागत नाही," ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. वर प्रेसचे ठोके धरून ती आम्हाला लयीत वाजवायला लावते, फक्त प्रेसवाला चहाला गेला की आमची पंचाईत होते.

मी राहते कोपरीत. सेलो घेऊन रिक्षात बसायचं म्हणजे सीटवर तो आणि उरलेल्या चार बोटं जागेत मी. नवरात्रात देवीच्या गर्दीत टेंभी नाक्यावरून रिक्षा सरकत नाही, तेव्हा त्याला मिठी मारून तासभर बसलेय मी. बाजूच्या गाडीतली माणसं बघायची. बघू देत.

पहिलं वर्ष झकास गेलं. बो सरळ ओढणं जमलं, आणि सूर तर सुरुवातीपासून जिथल्या तिथे पडायचे. "बघा, काकूंचा सूर बघा जरा," असं मॅडम कॉलेजातल्या पोरांना सांगायची. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मग एका शनिवारी ती म्हणाली, "काकू, आता व्हायब्रेटो."

तिकडच्या, पाश्चात्त्य संगीतात लांब सूर नुसता ठेवून देत नाहीत. तारेवर टेकवलेलं बोट जागा न सोडता डोलवतात, हाताच्या डोलण्याने सूर किंचित खाली जातो आणि परत जागेवर येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. त्याला व्हायब्रेटो म्हणायचं. मॅडमने करून दाखवला. तिचा हात कोपरापासून असा हलला, की वाटलं यात काहीच नाही.

"यात काही करायचं नाहीये काकू. हात सैल सोडायचा फक्त. मग ते आपोआप होतं."

आपोआप! घर आणि ऑफिस दोन्ही सांभाळलेल्या बाईला कुणी आपोआप म्हटलं की तिचं डोकं सणकतं. आमच्या घरात आपोआप फक्त धूळ साठते.

नाहीच झालं. बोट डोलवायला गेले की मनगट कडक व्हायचं, कोपर कडक व्हायचं, आणि सेलोच्या मानेला मागून नुसता टेकवायचा अंगठा, तो तर असा आवळला जायचा की मॅडमला तो ओढून काढावा लागायचा.

"काकू, अंगठा सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला."

"अहो सोडलाय!"

ती बोटाने अंगठा ओढून बघायची. तो हलायचा नाही. दोघी हसायचो, पण घरी येताना मला रडू यायचं. तिने साबुदाणा भरलेली एक डबी दिली, ती डाव्या हातात धरून खुळखुळवायची. डबी मी मस्त वाजवत होते. हात तारेवर ठेवला की पुन्हा तेच, ठार कडक. आवाज यायचा तो डोलणारा नाही, दचकणारा.

हे असं का होत होतं, ते मला तेव्हाही अंधुक माहीत होतं. त्यासाठी बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील गाणं शिकवायचे. डोंबिवली पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात तानपुरा. बाबा ऑफिसमधून आले, चहा झाला, की क्लास. मी त्याच सतरंजीवर शिकले, लेक म्हणून काही सवलत नाही. बाबांची एक स्वतःची पद्धत होती. उजव्या हाताने तानपुरा छेडायचा, आणि डावा हात पुढे धरून त्यात काठोकाठ भरलेलं फुलपात्र. मग सा लावायचा. दम पुरेल तोवर सा हलता कामा नये आणि पाणीही हलता कामा नये. अंग हललं की गळा हलतो, असं त्यांचं म्हणणं. पाणी सांडलं तर सतरंजी आपली आपण पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पोरं रडकुंडीला यायची. एक गृहस्थ तर घरूनच टॉवेल घेऊन यायचे.

माझं फुलपात्र कधीही सांडलं नाही. त्याचा मला फार गर्व होता.

'हलतो' ही बाबांची शिवी होती. टीव्हीवर कुणी गायला लागलं की पहिल्या ओळीला निकाल, "हलतोय." एकदा लग्नात भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, तर अक्षता टाकता टाकता माझ्या कानात म्हणाले, "हलतोय." अशा माणसाच्या घरात वाढलेल्या बाईला कुणी वागळे इस्टेटच्या पोटमाळ्यावर सांगतंय की काकू, सूर हलवा. हात ऐकणार कसा?

आणि मी सेलो घ्यायच्या काही वर्षं आधी बाबांचाच सूर हलायला लागला.

डोंबिवलीत त्यांचे जुने-नवे विद्यार्थी दर गुरुपौर्णिमेला एका हॉलमध्ये जमतात. सगळे गातात, शेवटी बाबा गायचे. त्या वर्षी बाबांनी सा लावला आणि तो थरथरला. पुन्हा लावला, पुन्हा थरथरला. म्हातारपणी गळा थरथरतो, त्यात नवल ते काय? पण समोर बसलेले सगळे फुलपात्रवाले. एकूण एक माणसाला कळलं, आणि एकूण एक माणूस सतरंजीकडे बघायला लागला. बाबा मध्येच थांबले. "आज पुरे," म्हणाले, प्रसाद घेतला, आणि रिक्षात जाऊन बसले.

डॉक्टरला दाखवलं. रोग काही नाही, वय झालंय, गात राहा, असं तो म्हणाला. बाबांनी ऐकलं नाही. क्लास बंद केला. आई आधीच गेलेली, मग मी त्यांना कोपरीला आमच्याकडे आणलं. तानपुरा पण आला, तारा उतरवून, गवसणीत. त्यानंतर बाबा गायले नाहीत. गणपतीत आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायचे. अंघोळ करताना गुणगुणणं सुद्धा नाही. दर वर्षी गुरुपौर्णिमेच्या आधी विद्यार्थ्यांचे फोन यायचे, सर, एक तरी चीज गा. "ऐकायला येतो," एवढंच बाबा म्हणायचे.

ज्या घरात मी जन्मले तिथे दिवस त्या आवाजाने सुरू व्हायचा. सकाळी खर्ज भरताना भिंतीतून ऐकू यायचा, तेव्हा कूस बदलून पुन्हा झोपायचं. तो आवाज असा बंद झाला आणि माणूस मात्र समोर बसून पेपर वाचतोय, याचा मला किती त्रास व्हायचा, ते बोलायची सोय नव्हती. मग ठाण्यात एका कार्यक्रमाला गेलेले, तिथे गाण्याच्या मागून एक सूर आला आणि मी दचकले. बाबा पन्नाशीचे असतानाचा आवाज. बघितलं तर एक बाई सेलो वाजवत होत्या. मी सेलो का घेतला ते मी कुणाला सांगितलेलं नाही, पण हे कारण. मला तो आवाज घरात हवा होता. बाबा देत नव्हते, मग मी माझा आणला.

पहिलं वर्ष बाबा ऐकायचे. हातात पेपर, पण पान उलटायचं नाही. मध्येच, "पंचम चढा आहे." बस्स, तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

व्हायब्रेटोचा रियाज सुरू झाला त्या दिवशी ते दारात आले.

"काय गं, थंडी वाजतेय का?"

"बाबा, त्या संगीतात असंच असतं."

"असेल."

"शास्त्र आहे त्याचं."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून मी सेलो काढला की हॉलमध्ये टीव्ही लागायचा, मोठ्याने. बातम्या, मालिका, शेतीचा कार्यक्रम, काय वाटेल ते. ज्या माणसाला टीव्हीतलं गाणं सहन होत नव्हतं तो आता साबणाच्या जाहिराती ऐकत बसायचा, पण माझा सूर नको. मला असला राग आला! मीही दार लावून आणखी जोरात घासायला लागले.

शेवटी नवरा बोलला. आमच्या ह्यांना सा आणि प मधला फरक कळत नाही, घरात एवढी गाणारी माणसं असून. ते भाजी निवडत होते, मान वर न करता म्हणाले, "त्यांना त्रास होतोय, तुला कळत नाही का?"

"कसला त्रास? ऐकावं ना जरा. सवय होईल."

"अगं, जे त्यांचं नको असताना होतं, ज्याची त्यांना लाज वाटते, ते तू रोज तासभर मुद्दाम करतेस त्यांच्यासमोर."

 हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आणायला गेले त्यांचा आवाज, आणि घरात रोज वाजवत होते काय, तर गुरुपौर्णिमेचा तो थरथरलेला सा.

त्या शनिवारी मी मॅडमला सांगून टाकलं, मला व्हायब्रेटो नको. सरळ सुराचे धडे द्या. मी आपली घरापुरतं वाजवणार.

"नका करू व्हायब्रेटो, काही बिघडत नाही," ती म्हणाली. "पण काकू, तुमचा प्रश्न व्हायब्रेटोचा नाहीच आहे. तुमचा हात आवळलेला आहे. इथे दुखतं ना?" तिने माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मी ओरडले. "हे वाढत जाणार. मग सरळ सूर पण वाजवता येणार नाही. हात सुटला पाहिजे, मग तो हलवा नाहीतर नका हलवू."

दुखत होतंच. पोळ्या लाटताना लाटणं हातातून निसटायचं. म्हणजे सोडायचीही सोय नाही आणि करायचीही नाही. मग मी एक मार्ग काढला. बो बाजूला ठेवायचा आणि नुसत्या डाव्या हाताचा व्यायाम करायचा. आवाज नाही, बाबांना त्रास नाही.

आमच्याकडे बऱ्याच शुक्रवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते. त्या दिवशी सकाळीच गेलेली. पंखा नाही म्हणून दार उघडं आणि टीव्ही नाही म्हणून बाबा मोकळे. मी सेलो धरून मुकाट्याने हात डोलवायचा प्रयत्न करत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. इतके दिवस त्यांना ऐकू येत होतं म्हणून ते बघत नव्हते. आता ऐकू काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी बघितलं.

"हे काय चाललंय?"

"हाताचा व्यायाम. हात सैल पडत नाही माझा."

ते आत आले, खुर्ची ओढून समोर बसले, चष्मा लावला. माझा अंगठा दोन बोटांत धरून हलवून बघितला. मग मनगट. मग बराच वेळ नुसतेच माझ्या हाताकडे बघत बसले.

"तू फुलपात्र धरलंयस," म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत."

"असं नाही शिकवलं. असं धरायचं नसतंच ते."

"म्हणजे?"

"जो घट्ट धरतो त्याचं सांडतं. सांडलं की मी हात धरून सांगायचो, सैल सोड, पाण्याला त्याचं त्याचं राहू दे. सगळ्यांना सांगितलंय. तुझं कधी सांडलंच नाही."

"मग मी काय करत होते?"

"जीव मुठीत धरून बसायचीस, दुसरं काय. मला वाटायचं, पोरीला जमतंय. तुझा हात मी कधी बघितलाच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे त्या टॉवेलवाल्या गृहस्थांनासुद्धा कळलेली गोष्ट मला कधी कुणी सांगितलीच नाही, का, तर मी पाणी सांडलं नाही म्हणून! मी तसं तोंडावर बोलले. "बाबा, कमाल करता तुम्ही. पहिला नंबर आणला म्हणून शिकवलंच नाहीत मला?"  बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं रागावले. परत आले ते फुलपात्र घेऊन, काठोकाठ भरलेलं.

"धर."

मी धरलं. या वयात, सेलोच्या शेजारी, गाऊन घालून.

"आता पाणी हलू दे."

"काय?"

"हलू दे म्हणतोय ना. सांडू नकोस, पण हलू दे."

हात हलेना. बाबांनी माझं कोपर खालून धरलं आणि हळूच ढकललं. पाणी एका काठाला गेलं, परत आलं. "तू पाण्याला काही करू नकोस. कोपर जाऊ दे, पाणी येईल मागून. खाली जाऊ दे, परत जागेवर येऊ दे. उडवायचं नाही." पाणी जात होतं, येत होतं. मी श्वास धरून बसले होते, तोही त्यांनी ओळखला. "श्वास घे गं बाई, श्वास घ्यायला कुणी बंदी केलीय?" मी श्वास सोडला आणि अर्धं फुलपात्र माझ्या मांडीवर.

"सांडलं!" बाबा ओरडले आणि हसायला लागले. किती दिवसांनी हसत होते. "एकदाचं सांडलं हिचं!"

लादी त्यांनीच पुसली. पायाने, पायपुसणं सरकवून. पण पुसली.

त्यानंतर रोज सकाळी आधी फुलपात्र, मग सेलो. बाबा समोर खुर्चीत. हळूहळू अंगठा मानेला चिकटायचा थांबला. मग एक दिवस बोट तारेवर ठेवलं, बो ओढला, आणि हात आपला आपण गेला आणि आला. सूर खाली गेला, परत जागेवर बसला. मी घाबरून बाबांकडे बघितलं.

"हं," ते म्हणाले. "हे आंदोलन झालं. दरबारीच्या गंधाराला आपण घेतो ना, तसं."

"मग इतके दिवस थंडी वाजतेय का म्हणून विचारत होतात ते?"

"तेव्हा थंडीच वाजत होती."

मॅडमने शनिवारी सवयीने माझा अंगठा ओढला आणि तो अलगद तिच्या हातात आला. ती एवढ्या जोरात "काकू!" म्हणून किंचाळली की खालची प्रेस थांबली. कुणी शिकवलं, विचारलं. मी म्हटलं, घरी एक म्हातारे मास्तर आहेत. फुलपात्राचा प्रकार तिला भलताच आवडला, तिने सगळ्या पोरांना लावला. पोटमाळ्याच्या फळ्यांमधून पाणी प्रेसवाल्याच्या डोक्यावर गळायला लागलं, तेव्हा बंद झाला.

इथवर सगळं गोड होतं. पण बाबा गात नव्हते ते नव्हतेच. शिकवायला लागले, दारातून ओरडायला लागले, टीव्ही कमी झाला. गाणं नाही. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. चहा पिताना म्हटलं, "बाबा, तुमचाही सूर हलतो तो आंदोलनच समजा की. मी नाही का हलवत?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मूर्खासारखं बोलू नकोस. तू हलवतेस. माझा हलतो."

 खरंच होतं ते. मी उगाच शहाणपणा केला होता. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले आणि टीव्ही पुन्हा वाढला.

पुढच्या गुरुपौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार. सकाळी डोंबिवलीहून फोन येऊन गेलेला, बाबांचं ठरलेलं उत्तर देऊन झालेलं, "ऐकायला येतो." बाबा शेतीचा कार्यक्रम बघत होते, तेवढ्यात लाइट गेली. मी सेलो घेऊन बसले. सेलोची एक तार पांढरी दोनची, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची असते. तिच्यावर बोट ठेवावं लागत नाही, नुसती वाजवली की पांढरी दोन. बाबा जन्मभर पांढरी दोनमध्ये गायले. त्यामुळे मी बसले की आधी ती तार लांब लांब वाजवते, हात तापायला म्हणून. निदान मॅडमला मी तसं सांगते.

बाबा येऊन समोर बसले. बराच वेळ ऐकत राहिले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "सा देशील?"

 मी तीच तार वाजवत राहिले. बाबा ताठ बसले, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. खाकरले. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

"गळा लगेच उघडत नाही आता," म्हणाले. "एक सूर खाली घे."

खालचा सूर मोकळ्या तारेवर नाही. त्याला शेजारच्या तारेवर बोट ठेवावं लागतं. मी ठेवलं आणि बो ओढला. आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने हात आपोआप डोलायला लागला. मॅडम म्हणायची ते आपोआप, नेमकं तेव्हा आलं.

बाबांनी हात वर केला.

"हलवू नकोस. माझं हलतंय तेवढं पुरे."

मी हात थांबवला. आवळला नाही, नुसता थांबवला. अंगठा सैल, कोपर सैल, आणि बोट जागेवर. सूर सरळ गेला.

बाबांनी सा लावला. तो थरथरला. खूप थरथरला, त्या हॉलमधल्यापेक्षा वाईट. माझ्या सुरापासून लांब जात होता, परत येत होता, पुन्हा निसटत होता. त्यांना ते ऐकू येत होतं, त्यांच्या कपाळावरून मला दिसत होतं. ते थांबले नाहीत. दम पुरेपर्यंत सा. मग श्वास घेतला आणि पुन्हा सा. मग रिषभ. मग गंधार. माझे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, आणि दोन्ही हात अडकलेले, पुसणार कशाने? तसंच वाहू दिलं. बो थांबू दिला नाही.

बाबा पंचमापर्यंत आले आणि लाइट आली. पंखा फिरायला लागला, फ्रिज सुरू झाला. हॉलमधला टीव्ही बंद करायचा राहिलेला, तोही थोड्या वेळाने मोठ्याने बोलायला लागला, कुठल्यातरी खताबद्दल. बाबा गायचे थांबले. डोळे उघडले. खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि बाहेर गेले. मी बो खाली ठेवला. म्हटलं, संपलं.

टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. बाबा परत आले, खुर्चीत बसले.

"हं," म्हणाले. "सा दे."